अण्णांनी लिहून दिलेलं कारण

संध्याकाळी भट्टी विझली की दारातल्या घंगाळात पहिले हात आमचे मालक अण्णा धुवायचे. जुने दागिने वितळवून सोनं शुद्ध करायचं आमचं गलाईचं काम. नखांत, तळव्याच्या भेगांत कण राहतात, म्हणून ते पाणी साठवायचं. बेंगळुरातल्या शिवाजीनगरच्या इतर दुकानांत मालक कामगारांचे खिसेही चाचपत. अण्णा फक्त आपले हात धुऊन बाजूला व्हायचे. "कण पाण्यात ऱ्हातोय. माणसाला कशाला चाचपायचं?" म्हणायचे.

मी आटपाडीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. बेंगळुरात उतरलो तेव्हा कन्नड येत नव्हतं, हिंदीही अर्धीच. अण्णांनी भट्टीजवळ उभं केलं, काम शिकवलं. माझा जीव मुळातच घाबरा. अ‍ॅसिडची बरणी उचलायची म्हटलं की मी मागे सरायचो. अण्णा म्हणायचे, "स्वल्प थांब दत्ता. श्वास घे. मग उचल." अकरा वर्षं त्यांनी मला असंच सांभाळलं.

एका उन्हाळ्यात अण्णा थोरल्या लेकीच्या, सुमनच्या, लग्नाला गावी गेले. दुकान माझ्यावर. तेव्हा धुरावर देखरेख करणाऱ्या सरकारी कचेरीचं पाकीट आलं. मी सही करून घेतलं. शेजारच्या कारकुनाने वाचून सांगितलं, "दुकान बंद करायचा हुकूम आहे. दोन महिन्यांनी वीज तोडतील. पटत नसेल तर महिन्याच्या आत वर दाद मागा."

मी लगेच एसटीडी बूथवर गेलो. फोन गावच्या वाण्याच्या दुकानात लागला. अण्णा हळदीतून उठून आले.

"काय रं दत्ता, समदं बरं?"

मागं सनई वाजत होती. लग्नघरात वाईट बातमी सांगू नये, ही आमच्याकडची शिकवण. "बरं आहे अण्णा," मी म्हणालो.

लग्न झालं, मग देवदर्शन झालं, मग पेरणीसाठी अण्णा थांबले. मी आणखी दोनदा फोन केला. दोन्ही वेळा बरंच होतं. पाकीट माझ्या ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. अण्णा परतले, लाडू वाटत फिरले, तरी माझं तोंड उघडेना. मीटर काढायला माणूस आला, तेव्हा मी पाकीट त्यांच्या हातात दिलं.

अण्णांनी ते उलटसुलट पाहिलं. "फोनवर सांगायचं होतंस रं," एवढंच म्हणाले.

अण्णांनी गाठलेले वकील कन्नडिग, तोंडावर बोलणारे. कागद चाळून म्हणाले, "कचेरीच्या तपासणीनंतर तुम्ही उंच धुरांडं बसवलंय. वेळेत आला असता तर हा हुकूम टिकला नसता. आता आधी उशिराचं कारण द्यायला हवं. पाकीट कुणी घेतलं?"

मी बाकाच्या कडेला सरकलो.

"कामगाराने घेतलं असेल तर त्याचं नाव घालू. अडाणी माणूस, भीतीने दडवलं. खरं कारण असलं तर कोर्ट कधीकधी माफ करतं."

"दुकानात आलं म्हंजे मला मिळालं," अण्णा म्हणाले. "पोरीच्या लग्नात ऱ्हाऊन गेलं, असं लिवा."

"अण्णा, हे कारण लंगडं आहे," वकील म्हणाले.

"असू द्या. सरी? ठीक?"

जिना उतरताना मला म्हणाले, "दडवणारा म्हणून एकदा कागदावर नाव गेलं, तर मद्रासपासून कलकत्त्यापर्यंत कुठला गलाईवाला भट्टीपाशी उभं करंल तुला? माझं काय, मी बसीन गावी."

मी नको म्हणालो नाही. मला सुटल्यासारखं वाटलं. तेच आजही आठवतं.

कोर्टात मी मागे, दाराशी उभा होतो. पाच मिनिटांत संपलं. वकील बाहेर येऊन म्हणाले, "हुकूम बरोबर की चूक, ते बघायलाच तयार नाहीत. इतके दिवस लग्न चालतं का, म्हणाले." अण्णा हसले.

दुकान गेलं. गावी जाण्याआधी अण्णांनी मला दुसऱ्या गलाईवाल्याकडे नेऊन उभं केलं. "विश्वासाचा माणूस हाय," म्हणाले. त्या शब्दावर आज बेंगळुरातल्या बनशंकरीत माझी दोन खोल्यांची जागा आहे.

चार वर्षांनी अण्णा गेले. तेराव्याला मी गावी पोचलो. परसात सुमन भांडी घासत होती. मला बघून म्हणाली, "दत्तादादा, माझ्या लग्नापायी अण्णांचं दुकान बुडालं, न्हाई? सासूबाई अजून म्हणत्यात, हिचा पायगुणच तसला."

कोर्टात दिलेलं कारण गावात असं पोचलं होतं. मी खाली बसलो आणि तिला सगळं सांगितलं, ट्रंकेसकट.

तिने हात धुतले. "सासूबाई बी आल्यात, वसरीला बसल्यात," म्हणाली. "चला. त्यास्नी सांगा."

"आत्ता?"

"मग कवा?"

मी तिच्या मागून गेलो. तिच्या सासूसमोर उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. म्हातारीने पूर्ण ऐकून घेतलं. सुनेकडे तिने पाहिलं नाही, माझ्याकडेच पाहत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "चार वर्सं मी हिला बोलतीया. तू कुठं हुतास?"