पहिल्या पोर्टचं कुंकू

साठपैकी एकाही कॉम्प्युटरवर परीक्षेचं पान उघडत नव्हतं आणि दहाला पाच मिनिटं कमी होती. परंड्याच्या त्या कॉलेजात अकरा वाजता एका सरकारी भरतीची ऑनलाइन परीक्षा होती. कॉलेजचं नेटवर्क मी सांभाळते. फोन आला तशी भूम गावातलं काम अर्धवट टाकून आले, तर परीक्षा घेणाऱ्या कंपनीचा ऑब्झर्व्हर लॅबच्या दारातच उभा.

"मॅडम, पावणेअकराला साठच्या साठ मशीन हिरव्या दिसल्या पाहिजेत. नाहीतर सेंटर कॅन्सल. सगळे सोलापूरला, पुढच्या तारखेला."

"दिसतील," मी म्हणाले. काय बिघडलंय याचा मला तोवर पत्ता नव्हता. पण परक्या माणसासमोर घाबरायचं नाही, हा माझा जुना हट्ट आहे.

व्हरांड्यात परीक्षार्थी बसले होते. त्यातली एक उठून माझ्यामागं आली. सविता तिचं नाव. तिची सासू कडेवर तिचं बाळ घेऊन खांबाला टेकली होती.

"ताई, परीक्षा होईल ना? सोलापूरला न्हाय पाठवायचे मला घरचे. आत्याबाई इथवर आल्या त्याच लई मिनतवारीनं. अन् वयात बसायची माझी ही शेवटचीच भरती हाय."

"हॉलतिकीट हातात धरून बस," मी म्हणाले.

आता जरा समजावून सांगते. कॉम्प्युटर एकमेकांना आकड्यांनी ओळखतात. त्या आकड्याला आयपी अ‍ॅड्रेस म्हणतात. आपल्याला आकडे लक्षात राहत नाहीत, म्हणून आपण नावं वापरतो. नाव सांगितलं की आकडा काढून देणारी मशीन म्हणजे डीएनएस सर्व्हर. एसटी स्टँडवर चौकशीची खिडकी असते ना, तसं हे. कुर्डुवाडीची गाडी कुठं लागली ते तिथं विचारायचं आणि मग गाडीकडं जायचं. नेटवर्कमधल्या खिडकीला पोर्ट म्हणतात आणि नाव विचारायची खिडकी त्रेपन्न नंबरची. सगळे कॉम्प्युटर त्याच खिडकीवर जाऊन विचारतात.

लॅबमधल्या पहिल्याच मशीनवर बसले. परीक्षेच्या सर्व्हरला आकड्यानं हाक मारली, तर लगेच उत्तर आलं. म्हणजे वायरी ठीक, गाडी स्टँडवर उभी. नावानं विचारलं, तर चिडीचूप. खिडकीच बंद होती. परीक्षेचं सॉफ्टवेअर नाव सोडून दुसरं काही ऐकत नाही, त्यामुळं आडवाट नव्हती.

"रीस्टार्ट केलं का?" ऑब्झर्व्हर.

"मी येण्याआधीच तीनदा झालंय ते," मी म्हणाले आणि सर्व्हर रूम गाठली.

डीएनएस सर्व्हर चालू होता. डोक्यावर सुकलेली झेंडूची माळ, समोर विझलेल्या उदबत्तीची काडी. दसऱ्याच्या सुट्टीआधी सराव परीक्षा घेऊन मी स्वतः सगळं तपासून गेले होते. मग खंडेनवमी झाली. मी टॉर्च लावून सर्व्हरच्या मागं वाकले. तिथं नेटवर्कची वायर लावायची दोन भोकं आहेत; गंमत म्हणजे त्यांनाही पोर्टच म्हणतात. पहिल्याला कुंकवाचं ठसठशीत बोट लागलेलं, आणि वायर दुसऱ्यात.

"मामा!"

गुंडूमामा आले. लॅबचे जुने शिपाई, साठीला टेकलेले. लॅबमधली धूळ त्यांना भिऊन असते.

"खंडेनवमीला वायर काढली होती का तुम्ही?"

"व्हय. पुसून-बिसून घेतलं समदं, मग पूजा केली. समदी परीक्षा ह्याच्यावर चालती म्हणून ह्याला जरा जास्तीचं कुंकू लावलं."

"आणि वायर दुसरीकडं का घातली?"

मामांनी माझ्याकडं असं पाहिलं, जसं काही मीच भलतं विचारत होते. "लावलेल्या कुंकवात वायर खुपसायची व्हय, मॅडम? शेजारचं रिकामंच व्हतं की. दोनी सारखीच हायेत."

दिसायला सारखीच. पण नेमलेला अ‍ॅड्रेस, शेवटी दोन आकडा असलेला, मी पहिल्या पोर्टला दिला होता. साठही कॉम्प्युटर त्याच अ‍ॅड्रेसवर नाव विचारायला जात होते. दुसऱ्या पोर्टनं राऊटरकडून भलताच आकडा उचलला होता. चौकशीवाला जागेवर बसलेला, पण खिडकी भिंतीकडं उघडणारी.

मी वायर काढून पहिल्या पोर्टमध्ये घातली. लाइट लागेना. मामांनी कुंकू चांगलं ओलं कालवून लावलं होतं, ते आत जाऊन वाळलं होतं. ते खरवडत बसायला वेळ नव्हता. सव्वादहा झाले होते.

"मामा, वायर आता दुसऱ्यातच राहू दे. आपण पत्ताच उचलून तिकडं नेऊ."

पहिल्या पोर्टवरून तो अ‍ॅड्रेस काढला, दुसऱ्याला पक्का दिला. डीएनएसची फाइल उघडली. कोणत्या अ‍ॅड्रेसवर आणि कोणत्या नंबरच्या खिडकीवर ऐकायचं ते त्यात लिहिलेलं असतं. ते बरोबर होतं. सर्व्हिस पुन्हा सुरू केली आणि सर्व्हरवरूनच नाव विचारलं. टपकन उत्तर आलं. मी मामांना अंगठा दाखवला आणि पळत लॅबमध्ये गेले.

लॅबमध्ये तसंच. चिडीचूप.

"दहा पस्तीस," ऑब्झर्व्हर म्हणाला. "मी मेल टाइप करून ठेवतो."

"टाइप करा. पाठवू नका."

परत सर्व्हर रूम. घाम पुसला आणि विचार केला. सर्व्हर स्वतःला उत्तर देतो, बाहेरच्याला देत नाही, म्हणजे मध्ये कोणीतरी अडवतंय. फायरवॉल! फायरवॉल म्हणजे राखणदार. कोणाला आत सोडायचं ते तो ठरवतो. आणि त्याला हुकूम कोणी दिला होता, की त्रेपन्न नंबरसाठी फक्त पहिल्या पोर्टकडून येणारा माणूस सोड? मीच. मागच्या वर्षी, सुरक्षेच्या नावाखाली, मोठ्या ऐटीत. मामांनी वायर हलवली होती, पण कुलूप माझं होतं. स्वतःला दोन शिव्या घातल्या आणि दुसऱ्या पोर्टसाठी त्रेपन्न उघडला, निरोप न्यायच्या टीसीपी आणि यूडीपी या दोन्ही पद्धतींना.

लॅबमध्ये पोचले तर पहिली रांग हिरवी झाली होती. मग दुसरी. मग एकदम सगळी. घड्याळात दहा त्रेचाळीस. मला नाचावंसं वाटलं. ऑब्झर्व्हरकडं वळून मी अगदी साध्या आवाजात म्हणाले, "मेल डिलीट करा."

"प्रॉब्लेम काय होता? रिपोर्टमध्ये लिहावं लागेल."

मामा दारात उभे होते, टोपी हातात. "पोर्ट खराब झाला होता," मी म्हणाले. खोटं नव्हतं ते.

सविता आत गेली तेव्हा तिच्या सासूनं बाळाचा हात धरून हलवला. मी जिन्यात बसून गार झालेला चहा प्याले. इतका गोड चहा मी नंतर कधी प्याले नाही.

यातून मी शिकले ते एवढंच. नेटवर्कच्या नकाशात आपण मशीन दाखवतो, वायरी दाखवतो, सणवार दाखवत नाही. आता खंडेनवमीच्या आदल्या दिवशी मी स्वतः परंड्याला जाते. सर्व्हरच्या टपावर स्टिकर लावलाय, 'कुंकू इथं.' मामा तो नेमानं पाळतात.

पुढं निकाल लागला आणि सविता पेढे घेऊन कॉलेजात आली. निवड झाली होती. सासू आणि बाळ सोबत होतेच. मामांनी पहिला पेढा उचलला आणि थेट सर्व्हर रूमकडं निघाले.

"मामा, टपावर!" मी मागून ओरडले.