कपाचा कान

लेकीने मातीकामाच्या वर्गात केलेला कप आज घरी आणला. कानाखाली तिच्या अंगठ्याचा ठसा राहिला होता. तिने सहज अंगठा ठेवून पाहिला, तर तो ठशात मावेना. "भाजल्यावर माती आटते ना, आई," ती म्हणाली.

मी एकदम सदाशिव पेठेतल्या, लहानपणीच्या आमच्या मातीकामाच्या वर्गात जाऊन पोचले. ओल्या मातीचा वास, चिखलाने गार पडलेली बोटं. कपावर आणि कानावर ओरखडे काढायचे, पातळ चिखल लावायचा आणि कान दाबून बसवायचा. बाईंच्या लाडक्या शैलाचा कप भट्टीतून निघाला, तो कान तडकलेला आणि त्याखाली अंगठ्याचा ठसा.

"हा माझा नाही," शैलाने स्वतःचा अंगठा ठेवून दाखवला. "ओला असताना कुणीतरी हात लावलाय."

वर्गात सगळ्यांत बारीक बोटं माझी. बाईंनी सगळ्यांसमोर माझा अंगठा त्या कोमट ठशावर ठेवला. तो नेमका बसला.

"बसला की," बाई एवढंच म्हणाल्या. मी पुन्हा त्या वर्गाला गेले नाही.

ठसा शैलाचाच असणार. माती आटते हे तिला ठाऊक नसेलही. पण भट्टी बाई स्वतः लावायच्या.