मिचिकोच्या गावचा किल्ला

डोरिस पेणकर मूळच्या अलिबागच्या. मुलाच्या पाठोपाठ नवरा-बायको कॅनडात मार्कहॅमला आली आणि दुसऱ्याच हिवाळ्यात त्यांचे यजमान बेनी वारले. मुलाची नोकरी ओटावात; घरात डोरिसबाई एकट्या. रात्रभर बर्फ पडायचा, पण सकाळी बघावं तर दारापुढची वाट साफ. शेजारची जपानी म्हातारी मिचिको आपलं शोव्हल, म्हणजे फावड्याने बर्फ काढणं, झालं की न विचारता यांचंही करून टाकायची. पुढे मोडक्यातोडक्या इंग्रजीत दोघींची गट्टी जमली.

२०१० साली मिचिकोला बहिणीला भेटायला जपानला जायचं होतं. दुसऱ्या शहरात राहणारा तिचा मुलगा एकटीला सोडेना.

"मी जाते ना बरोबर," डोरिसबाई बोलून गेल्या आणि खरंच गेल्या.

बहिणीचं गाव इनुयामा, मिचिकोचं माहेरही तेच. नदीकाठच्या टेकडीवर जुना किल्ला. चपला काढून पिशवीत घ्यायच्या आणि शिडीसारख्या उभ्या लाकडी जिन्याने वर चढायचं.

"सावकाश. मी आहे मागे," मिचिको म्हणाली. ही काडीसारखी बाई मला काय सावरणार, असं मनात येऊन डोरिसबाईंना हसूच फुटलं.

वरचा सज्जा अरुंद, कठडा बुटका, आणि खूप खाली नदी. डोरिसबाई भिंतीला चिकटूनच उभ्या राहिल्या. मिचिकोने हात पुढे करून त्यांना कठड्याशी आणलं.

"त्या तिथे आमची शाळा. रोज खालून किल्ला बघायचे. वर मात्र आज पहिल्यांदाच आले."

"काय सांगता! आमच्या गावचा किल्ला समुद्रात आहे. ओहोटीला चालत जाता येतं. मीही कधी गेले नाही."

दोघी हसल्या. मग डोरिसबाई म्हणाल्या, "बेनी गेल्यावर मी परत जाणार होते. तुम्ही होतात म्हणून राहिले."

मिचिको नदीकडे बघत होती. "माझंही घर रिकामंच होतं. तुमच्याकडे दिवा दिसला की बरं वाटायचं."

मार्कहॅमला परतल्यावर डोरिसबाईंनी आपल्या बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू, मंडळींना आणि मिचिकोलाही बोलावलं आणि मलिदा केला. गोड पोहे, खोबरं, वर फळं मांडलेली. प्रेषित एलियाहू हनाबीचं नाव घेऊन प्रार्थना झाली.

"हे कशासाठी?" मिचिकोने हळूच विचारलं.

"देवाचे आभार मानायला. आणि तुमचेही."

मिचिकोने दोन्ही हातांनी बशी घेतली, मान लववली, आणि शांतपणे सगळा मलिदा संपवला.