खुर्चीवरची पर्स

शिर्केबाईंची पर्स मुख्याध्यापकांच्या खुर्चीत बसायची आणि बाई शाळाभर फिरायच्या. कोणी पालक आला की शिपाई दारातूनच सांगायचा, "पर्स रखी है, मतलब मैडम यहीं हैं. ढूँढ लो." नोकरीच्या पहिल्या दिवशी मीही अशीच शोधत गेले. बाई सहावीच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून दुसऱ्या शिक्षिकेचं गणित ऐकत होत्या. मला म्हणाल्या, "बैस गं मीना. खुर्ची पर्स ठेवायला असते. शाळा पायांनी चालवायची."

आणि पायांनीच चालवली त्यांनी. शाळा बिर्ला नगरमधली, हिंदी मुलखातल्या गिरणी कामगारांच्या वस्तीतली. गिरणी कधीच बंद पडलेली, आईबाप मिळेल ते काम करणारे. एखादं मूल यायचं थांबलं की मधल्या सुट्टीत बाई त्याच्या घरी हजर. तिथे त्या रागवायच्या नाहीत, चहा घ्यायच्या. "घरचा चहा पाजला न, की माणसाला तोंडावर खोटं नाही बोलता येत," त्या म्हणायच्या. "आणि चहाच नाही विचारला, तर समजून जायचं, काहीतरी गडबड आहे." या चहापायी कितीतरी मुलं शाळेत परत आली आणि बाईंना कायमचं पित्त जडलं.

मग हळूहळू मुख्याध्यापकाचं कामच बदललं. हजेरीचा फोटो, जेवणाचा फोटो, हात धुण्याचा फोटो, सगळे वेळच्या वेळी वर पाठवायचे; मागे पडलं की वरच्या यादीत शाळेचं नाव लाल रंगात. मध्येच स्क्रीनवर बैठक. बाई खुर्चीत बसू लागल्या आणि पर्स खुंटीवर गेली. एकदा नेतृत्वाच्या प्रशिक्षणाहून परतल्या आणि म्हणाल्या, "आता मी लीडर आहे म्हणे. वर्गात डोकवायलासुद्धा टाइम नाही भेटत." आम्ही हसलो. बाई हसल्या नाहीत.

अशातच आठवीतली आरती यायची बंद झाली. हुशार, जरा भांडखोर पोर, बाईंची लाडकी. बाई रोज "आज जाते" म्हणायच्या आणि रोज काहीतरी निघायचं. शेवटी त्यांनी मला पाठवलं. मी परत येऊन सांगितलं, "ताप आहे म्हणे. आई दारातूनच बोलली."

"चहा विचारला?"

"नाही, बाई."

बाईंचा चेहराच उतरला. त्यांनी खुंटीवरची पर्स काढली, तेवढ्यात फोन वाजला. तपासणीचे साहेब निघाले होते. बाई अजिजीने म्हणाल्या, "सर, एक बच्ची का मामला है, बस जाकर आती हूँ." पलीकडून उत्तर आलं, "मैडम, आपका स्कूल पहले ही लाल में चल रहा है. जगह मत छोड़िए." साहेब आले ते दुपार उलटल्यावर. भिंतीवरच्या तक्त्यांचे फोटो काढले, चहा घेतला आणि गेले.

आम्ही दोघी जवळजवळ पळतच निघालो. आरतीच्या दाराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, "वो तो दोपहर में निकल गए. लड़की का ब्याह है, गाँव में." कोणतं गाव, ते तिला माहीत नव्हतं. बाईंनी तिथूनच पोलिसांना फोन लावला. त्यांनीही पहिल्यांदा गावच विचारलं. बाई गल्लीतल्या प्रत्येक दाराशी गेल्या, हात जोडले. कोणाला ठाऊक नव्हतं, किंवा कोणाला सांगायचं नव्हतं. एकाही घरात चहा विचारला गेला नाही. शेवटी बाई त्या कुलूपबंद दाराच्या पायरीवर बसल्या. "दुपारपर्यंत ती इथेच होती गं," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मला त्यांच्याकडे बघवेना.

आरतीचा पत्ता पुढेही लागला नाही. बाई निवृत्त झाल्या. निरोपाच्या भाषणात साहेबांनी शाळा लाल रंगातून बाहेर आल्याबद्दल त्यांचं नेतृत्व वाखाणलं. बाई मान खाली घालून बसल्या होत्या. त्यांच्या जागी माझी नेमणूक झाली.

परवा दर्पण कॉलनीत त्यांच्याकडे गेले होते. बाई थकल्यात. स्वतः चहा केला, माझ्यासमोर ठेवला, मी दोन घोट घेईपर्यंत थांबल्या. मग विचारलं, "मीना, तुझी पर्स कुठे असते गं?"

चहा त्यांच्या घरचा होता.

"खुंटीवर, बाई," मी म्हणाले.