फळ्यांमागची ओल

पन्नाशी उलटली तरी सगळे तिला धाकटीच म्हणत. जन्मभर भाड्याच्या खोल्यांत लोकांचे कपडे शिवून तिने शेवटी स्वतःचं घर घेतलं, तेही सख्ख्या भावाकडून. दादा दुसरीकडे राहायला चालला होता. घरचाच व्यवहार, म्हणून तिने फार चौकशी केली नाही.

मागची खोली तिने आईला दिली. भिंतीला नव्याकोऱ्या लाकडी फळ्या, खिडकीत ऊन. "आईला पुढे झोपव, मागे गारठा असतो," असं दादा म्हणाला होता. पण पुढे शिलाई मशीन होतं, म्हणून तिने ते कानाआड केलं.

महिनाभरात आईला खोकला जडला. औषधाने उतरे, पुन्हा उसळे. एका दुपारी बोलता बोलता तिचा श्वास असा अडकला की ओठ निळे पडले. दवाखान्यात श्वास सुरळीत झाला, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "घरात कुठे ओल आहे का?"

"नाही हो," धाकटी म्हणाली. पण म्हणतानाच तिला मागची खोली आठवली. त्या खोलीत रोज कुबट वास येई, आणि तो म्हाताऱ्या माणसाचा समजून ती आपली चादरी धूत बसे.

आईला तिथेच ठेवून ती घरी आली. पलंग ओढला, तोंडाला ओढणी बांधली आणि पटाशीने खालची फळी उचकटली. मागे जमिनीपासून कमरेपर्यंत काळी, केसाळ बुरशी माजली होती. बोट लावलं तसा गिलावा भसकन खाली आला.

तिने दादाला बोलावून घेतलं. तो दारातच थबकला.

"ठाऊक होतं तुला?"

"आतली नळी गळत होती. फळ्या ठोकल्या. वाटलं, सुकेल."

"आणि सांगायला जीभ झडली होती?"

"सांगितलं असतं तर घेतलं असतंस?"

"घेतलं असतं. आईला इथे झोपवलं नसतं."

"मी म्हटलं होतं ना, पुढे झोपव म्हणून."

"म्हणजे आईला त्रास होईल हेही ठाऊक होतं," धाकटी म्हणाली. दादाने पटाशी उचलली आणि पुढची फळी उचकटायला घेतली.

प्लंबरने भिंत फोडून नळी बदलली. सडका गिलावा मात्र दादानेच खरवडून काढला. आई पुढच्या खोलीत आली, मशीन स्वयंपाकघरात गेलं. खोकला हळूहळू मोडला.

दादा अजून येतो, आईजवळ बसतो. धाकटी त्याला जेवू घालते. पण त्याने काही सांगितलं, की विश्वास ठेवण्याआधी ती चार ठिकाणी विचारून येते.