साडेचार तासांचा हौद

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही — बायकोलाही नाही. तुम्हालाच का सांगतोय, ते विचारू नका.

साठ सालाच्या आसपास मी कासार आंबोलीच्या शाळेत एकटाच मास्तर होतो. वर्ग चार, माणूस एक. म्हणून मी पुठ्ठ्याची कार्डं केली — पुढे गणित, मागे उत्तर. पाटीवर सोडवायचं, कार्ड उलटायचं, बरोबर आलं तर आपलं आपण पुढचं घ्यायचं. शाळा तपासायला आलेल्या डेप्युटीसाहेबांनी शेरेबुकात कौतुक लिहिलं अन् मी फुगलो. किती फुगलो म्हणून सांगू?

सोनाबाई दुपारची यायची. तिशीची, नवऱ्यानं टाकलेली, भावाच्या घरी राहणारी. तिला सातवीची फायनल द्यायची होती. पास झाली की मास्तरीण होणार, भावजयीच्या टोमण्यांतून सुटणार — तेवढ्या आशेवर होती ती. कार्डं अशी भराभर संपवायची की नवी करायला मला उसंत नसे. आणि खरं सांगू? ते मला खुपायला लागलं होतं.

एके दिवशी ती हौदाचं कार्ड घेऊन आली. एका नळानं हौद तीन तासांत भरतो, दुसऱ्यानं सहा तासांत. दोन्ही सोडले तर? मागे मी साडेचार लिहिलं होतं. तिचं उत्तर दोन.

"गुरुजी, दोन नळ सोडल्यावर हौद बिगीनं भरंल, का उशिरा?"

तिथल्या तिथे कळलं मला. बेरीज करून निम्मं केलं होतं मी, गाढवासारखं. पण पोरं बघत होती. म्हणालो, "कार्ड चुकत नाही. पुन्हा करा."

तीन दिवस ती त्याच कार्डावर बसली. चौथ्या दिवशी साडेचार आणलं. आणि मी — मी "शाबास" म्हणालो.

तेव्हापासून ती आधी कार्ड उलटायची, मग उत्तराला जुळेल असं गणित मांडायची. मला दिसत नव्हतं का? दिसत होतं. हौदाचं कार्ड तर मी त्याच आठवड्यात, ती नसताना, गुपचूप बदललं. तिला सांगितलं नाही. लाज वाटली म्हणून? छे — माज होता तो.

फायनलला ती गणितात नापास झाली. पुन्हा बसली नाही. भावाकडेच राहिली.

पुढे कितीतरी वर्षं पौडच्या बाजारात भाजी विकताना दिसायची. मला पाहिलं की शेजारच्या बायांना सांगायची, "ह्ये माझं गुरुजी. लई जीव लावून शिकवलं त्यांनी, माझंच डोकं न्हाई चाललं."

आणि मी मान हलवायचो — हो म्हणून.