खारो बांगडो संपलो

आमच्या वाडीत मासे विकायला येणाऱ्या बाईचा आवाज समुद्राच्या गाजेवरही चढतो. "ताजे तारले, खारो बांगडो!" आमच्या फाटकाशी मात्र ती नुसते तारले ओरडते.

आईचं ब्लडप्रेशर बरीच वर्षं वाढलेलं राहिलं. गोळ्या ती मनाला येईल तेव्हा घ्यायची. त्यानं मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्या, म्हणून ती विसरते, आता मीठ जपून, असं डॉक्टर म्हणाले. मी ते या बाईला सहज सांगितलं. "खारां खाल्ल्यार आजून विसारतली?" एवढंच तिनं विचारलं. मी मान डोलावली.

तरी आई पडवीतून रोज विचारते, "खारो बांगडो आसा गो?"

पाटीवरचं फडकं ओढून घेत बाई सांगते, "संपलो गो आये. उद्या हाडतंय." फडक्याखालून वास येतच असतो. भाव पाडून मागणाऱ्याला ती रस्त्यातच फाडून खाते. आईला मात्र रोज पहिल्यांदाच विचारल्यासारखं उत्तर देते. त्या थापेचे आमच्यावर केवढे उपकार आहेत!

काल आई म्हणाली, "उद्या तरी हाड हां. विसरू नको."

"नाय गो आये," पाटी डोक्यावर घेत ती म्हणाली, "मी विसरूचंय नाय."